वानखडेबाईंची मधली नळी

वानखडेबाईंबद्दल चांगलं बोलणारी माणसं आता आर्णीत पुष्कळ निघतात. कोणी सांगतो, मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. कोणी सांगतो, आमच्या वडिलांनी तेव्हा त्यांची बाजू घेतली होती. साफ खोटं. त्यांची बाजू कोणीही घेतली नव्हती. मी तिथं होतो आणि मीही घेतली नव्हती, म्हणून एवढ्या खात्रीनं सांगतो.

अठ्ठावन्नच्या जूनमध्ये त्या आमच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला आल्या. हायस्कूल म्हणजे कापसाचं जुनं गोदाम होतं. वर पत्रे आणि मधे बांबूच्या तट्ट्या ठोकून केलेले सहा वर्ग. कापूस जाऊन दहा वर्षं झाली असतील, पण वारा सुटला की वाशांतून पुंजके अजून खाली यायचे आणि मुलांच्या केसांत बसायचे. मी मराठी आणि संस्कृत शिकवायचो. बाईंचा वर्ग माझ्या वर्गाला लागून, मधे फक्त तट्टी. त्यामुळे त्यांचं शिकवणं मला आणि माझं त्यांना फुकट ऐकावं लागायचं.

बाई उंच, सडसडीत, तिशीच्या आतबाहेर. मनगटावर पुरुषी घड्याळ आणि खांद्याला अडकवलेली बांबूची एक नळी. त्या नळीत कापसात गुंडाळलेला थर्मामीटर असायचा. शाळेचा नव्हे, त्यांचा स्वतःचा. आल्या दिवशी हेडमास्तरांच्या खोलीत संस्थेचे सेक्रेटरी आबासाहेब बसले होते. गावातल्या जिनिंगचे मालक, बोलणं मवाळ, पण शब्द शेवटचा. त्यांनी चौकशी सुरू केली.

"वानखडे म्हणजे कुठले?"

"दारव्ह्याचे. बाबा स्टेशनात होते, छोट्या गाडीच्या."

"ते झालं. पण वानखडे बऱ्याच लोकांत असतात."

"हाव न, लय असतात," बाई म्हणाल्या, आणि नळीतून थर्मामीटर काढून त्यांनी सरळ आबासाहेबांच्या चहात बुडवला. "एकोणसत्तर. जरासक थांबून प्या साहेब, जीभ पोळंल."

आबासाहेबांनी तो चहा प्यायला नाही. बाईंची जात मात्र त्या दिवशी कळली नाही ती नाहीच. पुढे ज्याला त्याला जे वाटलं ते त्यानं धरलं, आणि बाईंनी कोणाचंही खोडून काढलं नाही.

मापायचं म्हणजे त्यांना वेडच होतं. रांजणातलं पाणी, विरजणाचं दूध, पत्र्याखालची हवा, सगळं मापायच्या आणि खडूनं दारावर लिहून ठेवायच्या. कोणी म्हणालं की आज फार गरम होतंय, की लगेच विचारायच्या, "मापलं का?" नाही म्हटलं की त्या माणसाशी त्या विषयावर पुढे बोलायच्या नाहीत. एकदा शिक्षकांच्या बैठकीत मी म्हणालो की मुलांचा अभ्यासातला उत्साह अलीकडे कमी झालाय. बाई मान वर न करता म्हणाल्या, "मापला का मास्तर?" सगळे हसले. मला राग आला, आणि तो दोन दिवस टिकला.

त्यांचा दुसरा पेटंट प्रश्न होता, "झोपला का मेला?" एखादा मुलगा उत्तर न देता उभा राहिला की तट्टीपलीकडून तो ऐकू यायचा. "काहून गप्प हायेस बाप्पा? झोपला का मेला? झोपला असंल त गरम करू तुले. मेला असंल त मंग इलाज नाई." वर्ग खिदळायचा आणि तो मुलगा काहीतरी बोलून मोकळा व्हायचा.

हा प्रश्न आला होता त्यांच्या आवडत्या प्रयोगातून. लाळेत टायलिन नावाचा पाचकरस असतो. तो पिठातल्या स्टार्चची साखर करतो. भाकरी खूप वेळ चावली की गोड लागते ती त्यामुळे. स्टार्चवर आयोडीन टाकलं की काळानिळा रंग येतो. स्टार्च संपला असेल तर रंग येत नाही, थेंब पिवळाच राहतो. बाई तीन काचनळ्या घ्यायच्या. तिन्हींत ज्वारीच्या पिठाची पातळ पेज आणि तीच लाळ. पहिली नळी बर्फात. मधली अंगाच्या उबेइतक्या, म्हणजे सदतीस अंशांच्या पाण्यात. तिसरीत घालायची लाळ मात्र आधी उकळून, मग निववून घ्यायच्या. दर मिनिटाला प्रत्येक नळीतला एक थेंब पांढऱ्या बशीत काढायचा आणि वर आयोडीन टाकायचं. मधल्या नळीचा थेंब पाच-सात मिनिटांत पिवळा पडायचा. बर्फातली नळी काळीनिळीच राहायची, पण तीच उचलून कोमट पाण्यात ठेवली की थोड्या वेळानं कामाला लागायची. तिसरी मात्र थंड करा, कोमट करा, काही करा, रंग सोडायची नाही. "बरफातला रस झोपते," बाई सांगायच्या, "उकयलेला मरते." मग एका नळीत लिंबू पिळून दाखवायच्या. लाळ तिथंही काम टाकायची. पोटात गेल्यावर दुसरा रस असतो, त्याला मात्र आंबटच लागतं, असं त्या सांगायच्या. संस्कृतचा माणूस असून हे सगळं मला पाठ होतं. दोन वर्षं तट्टीतून ऐकत होतो, पाठ होणारच.

पुस्तकाशी त्यांचं भांडण होतं. पुस्तकात लिहिलं होतं, एक नळी खोलीच्या तापमानाला ठेवा, तीत पचन हळू होईल. बाईंनी एप्रिलात ठेवली. खोली एक्केचाळीस. नळी भराभर साफ झाली. त्यांनी पुस्तकातल्या त्या ओळीवर पेन्सिलीनं फुली मारली आणि मुलांना म्हणाल्या, "ज्यानं लिवलं त्याची खोली थंड असंल. तुमची कोणती हाये ते लिवा." सदतीस अंशांचं पाणी करायला सगळं जग पाणी तापवतं, आम्ही माठातलं ओतून थंड करत होतो. मुलांनी पाहिलं ते वहीत लिहिलं. हेडमास्तर म्हणाले, परीक्षेत पुस्तकातलं लिहावं लागेल. बाई म्हणाल्या, "परीक्षा घेनारा आर्णीत येऊन एप्रिलात नळी ठेवून पाहो, मंग बोलू."

बर्फ यवतमाळहून यायचा. आदल्या दिवशी निरोप, दुसऱ्या दिवशी भुशात घालून पोत्यात बांधलेली लादी मोटारीच्या टपावर. निघताना दोघांनी उचलावी एवढी असायची, आर्णीच्या स्टँडवर बाई ती एकट्या काखेत मारून न्यायच्या. एकदा मोटार मधेच बंद पडली आणि आलं ते नुसतं ओलं पोतं. कंडक्टर ओशाळून उभा. बाईंनी पोत्याच्या घडीत थर्मामीटर खुपसला, घड्याळाकडे पाहत थांबल्या आणि म्हणाल्या, "एकवीस. चालते." त्या दिवशी पहिली नळी ओल्या पोत्यात ठेवून प्रयोग झाला. रस झोपला नाही, पेंगत राहिला, आणि मुलांनी वहीत तसंच लिहिलं.

भानगड झाली ती या सगळ्यामुळे नाही, लाळेमुळे झाली.

नववीत अडतीस मुलंमुली होती. कुणब्यांची, दोन-तीन व्यापाऱ्यांची, तांड्यावरून चालत येणारी बंजाऱ्यांची, बौद्धवाड्यातली. प्रयोगाच्या दिवशी सगळ्यांनी चुळा भरायच्या, रांगेनं यायचं आणि एकाच काचेच्या भांड्यात थुंकायचं. बाई आधी स्वतः थुंकायच्या. मग त्यात पाणी घालून, कापसातून गाळून, ती लाळ सगळ्या जोड्यांना वाटायच्या. पहिल्या वर्षी कुणाला कळलं नाही. दुसऱ्या वर्षी एका व्यापाऱ्याच्या मुलानं जेवायला बसल्यावर घरी हौसेनं सांगितलं. त्याची आई ताटावरून उठली. बाप संध्याकाळी आबासाहेबांच्या ओट्यावर हजर. आठ दिवसांत गावानं बाईंचं नाव थुक्याबाई ठेवलं. बाई नव्या वर्गात गेल्या की म्हणायच्या, "थुक्याबाई म्हणतात ते मीच. बसा."

कमिटीची बैठक भरली. मी इतिवृत्त लिहायला होतो, त्यामुळे शब्द न् शब्द आठवतो.

"बाई, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही," आबासाहेब म्हणाले. "पण लोकांच्या घरात खरकटं-उष्टं पाळतात. वेगवेगळी भांडी ठेवा, प्रश्न मिटला."

"मंग एका नळीत याचा थुका जाईन, दुसरीत त्याचा," बाई म्हणाल्या. "एक नळी लवकर साफ झाली, एक उशिरा. तो फरक बरफाचा का पोराचा, कसा सांगू? लाळ सगळ्या नळ्यात एकच पाह्यजे. नाई त प्रयोग होत नाई."

"तर मग एकाच मुलाची घ्या."

"कोणाची घेऊ? तुम्ही नाव सांगा."

आबासाहेब हेडमास्तरांकडे पाहायला लागले. ज्या मुलाचं नाव घ्यावं त्याची लाळ बाकीच्यांच्या हातात जाणार होती, हे कमिटीच्या तेव्हाच लक्षात आलं. मग बाई म्हणाल्या, "अन् एप्रिलात एका पोराच्या तोंडातून अडतीस जणाले पुरंल एवढा थुका निघत नाई."

"तुमची दोन वर्षं येत्या जूनमध्ये भरतात," आबासाहेब शांतपणे म्हणाले. "कायम करायचं की नाही ते कमिटीनं ठरवायचंय."

"माहीत हाये मले. अशात डेप्युटी साहेब तपासनीले येनार हायेत. त्याईच्या समोर करते, तुम्हीबी या. एका भांड्यातल्या लाळेनं. मधली नळी साफ नाई झाली त मी आपल्या पायानं चालली जाईन. साफ झाली त ह्या भांड्याचं नाव पुन्हा काढू नका."

मी इतिवृत्तात लिहिलं की चर्चा खेळीमेळीत झाली.

बाईंनी मलाही एकदा बोलावलं होतं. तट्टीवरून डोकावून म्हणाल्या, "मास्तर, तुमची बी द्या न. इतके दिवस कान देऊन राह्यले, थुका देऊन टाका." मी हसून टाळलं. पुन्हा एकदा विचारलं, तेव्हा घसा दुखतोय म्हणालो. घरी रोज सोवळ्यात संध्या करणारा माणूस मी. भांड्यात थुंकणं ही कल्पनाच मला सहन होत नव्हती, आणि कोणकोण त्यात थुंकलंय हे माहीत असल्यामुळे तर नव्हतीच. हे आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

तपासणीच्या दिवशी सकाळी सात वाजताच मुलांनी भांडं भरून ठेवलं होतं. साहेब दहाला यायचे होते. बाई बर्फ आणायला स्टँडवर गेल्या होत्या. आबासाहेब आले आणि त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मास्तर, तुम्ही धर्मशास्त्र जाणता. एक उपाय आहे. ती लाळ नुसती एकदा उकळून घ्या. मी लोकांना छातीठोकपणे सांगतो, शुद्ध करून घेतली. तक्रार जागच्या जागी मिटते, प्रयोगही होतो, बाईही राहते. मला काय, बाईला काढायची हौस आहे?"

ते खरं बोलत होते. त्यांना खरोखरच तोड हवी होती. आणि मला वाटलं, वा! दूध उकळतात, डॉक्टर सुई उकळतो, विज्ञानाची माणसं काहीही वापरायच्या आधी उकळतातच. बाईंना कळायच्या आत बाईंची नोकरी वाचवण्याचं पुण्य माझ्या पदरात पडणार होतं. मी प्रयोगाच्या कोपऱ्यात गेलो, स्टोव्ह पेटवला, भांड्यातली लाळ पातेलीत ओतून चांगली खळखळून उकळली, माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवून निववली आणि परत भांड्यात ओतून वर झाकण ठेवलं. उकळलेली लाळ मरते हे वाक्य मी दोन वर्षांत किती वेळा ऐकलं होतं, देव जाणे. माझी मुलं अर्थ न कळता रूपं घोकायची, तसं ते मला नुसतं पाठ होतं. हात चालत होते तेव्हा ते मला आठवलंसुद्धा नाही.

शिक्षणखात्याचे डेप्युटी साहेब म्हणजे पानानं तोंड भरलेले, कमी बोलणारे म्हातारे गृहस्थ. त्यांच्या शेजारी आबासाहेब, मग हेडमास्तर, मग तक्रार केलेले वडील. मागे सगळी नववी. मी दाराशी. बाईंनी पदर खोचला, तीन नळ्या लावल्या, घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

पहिलं मिनिट. बशीत तीन काळेनिळे थेंब. दुसरं. तिसरं. "आता पाहा, मधला तपकिरी होईन," बाई म्हणाल्या. पाचवं. काळानिळा. सातवं. काळानिळा. मुलांची कुजबुज थांबली. बाईंनी मधल्या पाण्यात थर्मामीटर घातला, सदतीसच होतं. दुसरी आयोडीनची बाटली घेतली. नुसत्या पाण्यावर थेंब टाकून पाहिला, पेजेवर टाकून पाहिला. सगळं ठीक होतं. नववं मिनिट. काळानिळा. बाईंच्या वरच्या ओठावर घाम आला होता. मी दोन वर्षांत त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं.

मला तिसऱ्याच मिनिटाला कळलं होतं. तिसऱ्या नळीतला थेंब आणि मधल्या नळीतला थेंब अगदी एकसारखे दिसले, आणि उकळलेली लाळ मरते हे वाक्य मला आत्ता आठवलं. तरी मी गप्प राहिलो. चौथं, पाचवं, सहावं, सातवं, आठवं, नववं. सहा मिनिटं. आयुष्यात मी केलेल्या सगळ्या चुका एका बाजूला आणि ती सहा मिनिटं एका बाजूला.

"नऊ मिनिटं झाली," आबासाहेब म्हणाले. "बाई, तुमचाच शब्द होता."

बाई नळीकडे पाहत होत्या. त्यांनी भांड्यावरचं झाकण काढलं, भांडं उजेडात धरलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "हा थुका मेला हाये. झोपला नाई, मेला. कोनं उकयला?"

"मी," मी म्हणालो.

सगळा वर्ग माझ्याकडे वळला. मी काय काय बोललो ते धड आठवत नाही. शुद्ध, सुई, तक्रार, नोकरी असं काहीतरी. आबासाहेब उठून म्हणाले, "मीच सांगितलं होतं त्यांना. वाईट काय केलं? शुद्धच तर केली."

बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. आता फाडून खातील असं वाटलं. त्या हसल्या. मग त्यांनी वर्गाकडे तोंड केलं.

"पाह्यलं का? मास्तरानं आपल्याले न सांगता प्रयोग करून ठेवला. लाळ होती जित्ती. शुद्ध केली, मेली. आता ते कोनाच्याच कामाची नाई. न बामनाच्या, न वान्याच्या, न तांड्याच्या. लिवा वहीत. अन् उठा, चुळा भरा, पुन्हा थुकायचं हाये."

पण पोरांची तोंडं भीतीनं कोरडी पडली होती. पाच-सहा जण भांड्यापाशी येऊन खाकरून परत गेले. तांड्यावरची धमली राठोड म्हणून एक मुलगी होती, तिच्या परकराच्या ओच्यात कायम चिंचा असायच्या. बाईंनी तिच्याकडून एक लांबलचक चिंच मागून घेतली, सोलली, आणि सगळ्यांच्या नाकासमोरून हळूहळू फिरवली. "नुसती पाहा. खायची नाई. आंबट गेलं त रस काम टाकंल. पाहा फक्त." दोन मिनिटांत वर्गभर मिटक्या ऐकू यायला लागल्या. भांडं भरायला लागलं. तक्रारवाल्या वडिलांचा मुलगा वडिलांसमोर आला आणि त्यांच्याकडे न पाहता थुंकून गेला.

बाईंनी भांडं साहेबांपुढे धरलं. म्हातारा उठला, खिडकीबाहेर पान टाकलं, तीन चुळा भरल्या आणि भांड्यात थुंकला. आबासाहेबांनी हात हलवून नको म्हटलं. मग भांडं माझ्यापुढे आलं.

"द्या मास्तर," बाई म्हणाल्या. "आता त तुमची भर पाह्यजेच."

मी मान खाली घातली. एवढं सगळं झाल्यावरही माझ्यानं झालं नाही. बाई भांडं घेऊन टेबलाकडे वळल्या.

चौथ्या मिनिटाला मधल्या नळीचा थेंब तपकिरी झाला, सहाव्याला स्वच्छ पिवळा. बर्फातली नळी काळीनिळी होती, ती कोमट पाण्यात ठेवली, तीही जागी झाली. नववीनं टाळ्या वाजवून पत्रा दणाणून सोडला. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, प्रयोग उत्तम, बाईंनी सर्व विद्यार्थ्यांकडून करून घेतला याबद्दल समाधान वाटले.

इथं गोष्ट संपली असती तर मीही चारचौघांत मिरवली असती. पण साहेब गेले आणि गाव राहिलं. मधली नळी साफ झाली तर भांड्याचं नाव काढायचं नाही, हे कमिटीला आठवलं नाही, आणि इतिवृत्त माझ्या हातचं होतं, त्यात ते नव्हतंच. मे महिन्यात कमिटीनं बाईंकडे एक कागद पाठवला. पालकांच्या भावना दुखावल्याबद्दल खेद वाटतो, यापुढे लाळ एकत्र घेणार नाही, अशा दोन ओळी आणि खाली सहीला जागा. सही केली की नोकरी कायम. कागद घेऊन मलाच पाठवलं होतं. बाईंनी तो वाचला, दोन ओळींवर पेन्सिलीनं फुली मारली, पुस्तकावर मारली होती तशीच, आणि खाली लिहिलं : "लाळ एकत्रच घ्यावी लागते. वेगवेगळी घेतल्यास प्रयोग होत नाही." आणि खाली ठसठशीत सही केली.

"बाई, दोन ओळींचा प्रश्न आहे," मी म्हणालो. "सही करा, पुढं कोण पाहतंय?"

"पोरं पाहून राह्यली न, मास्तर," त्या म्हणाल्या. "आज सही केली त उद्या त्याईले काय सांगू? का साहेब आले त लाळ एक असते, अन् साहेब गेले का येगयेगळी?"

"तुम्ही माझ्यावर रागावलात का?"

"तुमच्यावर?" त्यांनी जरा विचार केला. "नाई मापलं अजून."

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तट्टीपलीकडे एक नवे मास्तर होते. ते पुस्तकातलं शिकवायचे. खोलीच्या तापमानाला पचन हळू होतं, असं ते सांगायचे, आणि एक्केचाळीस अंशांत बसून मुलं ते लिहून घ्यायची. मी ऐकायचो. तोंड उघडून एक शब्द बोललो नाही.

पुढं पाच-सहा वर्षांनी उत्तरपत्रिकांच्या कामासाठी यवतमाळला गेलो होतो. मार्च संपत आला होता. एका मुलींच्या शाळेवरून जाताना आतून आवाज आला, "काहून वं, झोपली का मेली?" पाय आपोआप आत वळले. बाईच होत्या. कानापाशी केस पांढरे झालेले, चष्मा आलेला, खांद्याला तीच बांबूची नळी. आर्णी सोडल्यावर दोन वर्षं कुठंही नोकरी मिळाली नव्हती असं नंतर कळलं, आर्णीचा निरोप सगळीकडे आधी पोचायचा. मुली रांगेनं येत होत्या, चुळा भरत होत्या, टेबलावरच्या भांड्यात थुंकत होत्या. फळ्यावर लिहिलं होतं : लाळ एकत्र. खाली बाईंसकट थुंकणाऱ्यांचा आकडा, एक्केचाळीस.

बाईंनी मला दारात पाहिलं. ओळखलं. भांडं उचललं आणि माझ्यासमोर आणून धरलं, सहा वर्षांपूर्वी धरलं होतं तसंच. बर्फ यवतमाळचाच, त्यामुळे आता मोटारीची भानगड नव्हती. लादी कोपऱ्यात पोत्यात होती आणि तिच्याखालून पाणी वाहत माझ्या चपलेपर्यंत आलं होतं. चाळीस मुली माझ्याकडे पाहत होत्या.

मी खिडकीशी जाऊन तीन चुळा भरल्या. परत आलो आणि थुंकलो.

बाईंनी काचेच्या कांडीनं भांडं सावकाश ढवळलं. फळ्याशी जाऊन एक्केचाळीस पुसलं, बेचाळीस लिहिलं. मग खडूचा हात पदराला पुसत माझ्याकडे वळल्या.

"मास्तर, मले इतके दिवस वाटे का तुम्ही उकयलेले हायेत. तुम्ही त बरफातले निघाले."